दुर्गाचं नाव घातलेला टोप

ज्या दिवशी दुर्गा गेल्याचं कळलं, त्या दिवशी माझ्यातल्या हळदीला सात पानं होती. आकडा मला पक्का आठवतो, कारण भाई तेव्हा ती मोजत होते. त्यांच्या हातात पाण्याचा मग होता. मागून त्यांचा मुलगा सर्वेश आला. त्याच्या हातातला फोन चालूच होता.

"बाबा, जरा बसा."

"थांब रे, एवढा पाणी घालतंय."

भाईंनी अर्धा मग पाणी माझ्यात घातलं. मग ते बसले आणि सर्वेशने त्यांना त्यांची बायको गेल्याचं सांगितलं.

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे, ॲल्युमिनियमचा. कुडाळच्या बाजारात दुर्गाच्या वडिलांनी मला तिच्या लग्नासाठी घेतलं. दुकानदाराने सुईने टोचून टोचून माझ्या काठाखाली नाव घातलं, 'चि. सौ. कां. दुर्गा'. मग मी तिच्याबरोबर तिच्या सासरी, वालावलला आलो. एकतीस वर्षं मी त्या चुलीवर पेज शिजवली. भाई पोस्टात कारकून होते. सकाळी पेज पिऊन ते कुडाळला जायचे आणि जाताना म्हणायचे, "आज पेज बरी झाली हा." त्यातली थोडी शाबासकी मी माझी धरत असे.

पुढे माझं बूड झिजलं. दोनदा डाग दिला, तरी गळायला लागलो. मग मी परसात पडलो. माझ्यात कोंबडी बसायची. तशी दोन वर्षं गेली.

सर्वेश मस्कतला नोकरीला होता. भाई रिटायर झाल्यावर त्याने आईवडिलांना तिकडे बोलावून घेतलं. सामान बांधताना दुर्गाने मला उचललं, घासलं आणि बुडाला खिळ्याने आणखी तीन भोकं पाडली.

सर्वेश फोनवर ओरडला, "आई, हंय हजार कुंड्यो मिळतत!"

"मिळांदेत. ह्याच्यार माझा नाव आसा. मी खंय हरवलंय, तर ह्यो टोप सांगात मी कोण ती."

परसातल्या ओल्या हळदीचा एक गड्डा तिने कागदात गुंडाळून माझ्या पोटात ठेवला. तिच्या सासूने लावलेली हळद होती ती. असा मी समुद्रापलीकडे गेलो.

तिथे चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्गाने बाग केली. दह्याच्या डब्यांत कोथिंबीर, बादलीत कढीपत्ता, गवती चहा, आणि माझ्यात हळद. बाहेर एवढं ऊन की खिडकीच्या काचेला हात लावता यायचा नाही. पण श्रावणात माझ्यात हातभर लांब पानं आली. दुर्गाने ती कापून त्यांत तांदळाचं पीठ आणि गूळखोबरं घालून पातोळ्या उकडल्या. मित्रांनो, तो वास मी तुम्हाला कसा सांगू? खालच्या मजल्यावरचा रफीक वर आला. तो वेंगुर्ल्याचा. पूर्वी तिथे रोपवाटिकेत कामाला होता. दारातूनच म्हणाला, "वहिनी, जिन्यात हळदीच्या पानाचो वास इलो. माका रवला नाय." तो चार खाऊन गेला आणि बायकोसाठी दोन घेऊन गेला.

गळका म्हणून टाकलेला मी. त्याच भोकांमुळे माझ्यात झाड जगत होतं. हे मला अजून नवल वाटतं.

त्याच वर्षी तुळशीच्या लग्नानंतर दुर्गाची भाची समीक्षा हिचं देवगडला लग्न ठरलं. दुर्गा पंधरा दिवसांसाठी निघाली. भाईंना लग्नाच्या गर्दीचा कंटाळा. ते म्हणाले, "मी येवन काय करू? कुंड्यांका पाणी कोण घालतलो?"

"तर मग रवा. पण हळदीचा पाणी चुकवू नकात हां."

भाईंनी लगेच चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली, 'हळद: रोज अर्धा मग. चुकवू नये.' दुर्गा हसली. "पोस्टाचो हुकूम झालो."

लग्नघरात नारळ खवता खवता ती बसल्या जागी गेली. भाई तिच्याजवळ नव्हते. त्यांनी निमित्त माझं केलं होतं.

भाई आणि सर्वेश गावी जाऊन दिवसकार्य करून परतले. तोवर सुनेने, अनुजाने, चिठ्ठीप्रमाणे पाणी घातलं होतं. तरी पानं पिवळी पडली होती. मग एकेक करून सगळी लोळली. भाई रोज अर्धा मग घालत राहिले. पुढे सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा घालू लागले. माझ्यात नुसती ओली माती उरली. तिने गावाहून आणलेलं जिवंत असं त्या घरात तेवढंच होतं, आणि ते आपल्या हातात मेलं असं त्यांना वाटत होतं.

एकदा रफीक आला. त्याने माझ्यात बोट घातलं आणि नाकाशी नेलं.

"भाईनू, ह्या काय करतास? हळद मराक नाय, निजली हा. थंडीत ती निजताच. पाणी तोडा, नायतर कुसान जातली."

"तिना सांगलेला आसा. चुकवू नये."

"वहिनीन पंधरा दिसांसाठी सांगलेला, भाईनू. सोळाव्या दिसाक ती येवन आपणच पाणी तोडतली होती."

तीसेक वर्षं परसातली हळद भाईंनी जेवणात खाल्ली होती, पण ती कधी निजते आणि कधी उठते हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी हातातला मग खाली ठेवला.

दोघांनी मला वर्तमानपत्रावर उपडं केलं. गड्डा अर्धा कुजला होता. एक बोटभर तुकडा मात्र कडक होता. रफीकने कोरडी माती भरली आणि तो तुकडा आत ठेवला. मला कपाटावर ठेवून दिलं.

भाई रोज कोथिंबिरीला पाणी घालायचे आणि माझ्याजवळ आले की थांबायचे. पाण्याचा मग उचलायचा आणि न ओतता पुढे जायचं, हे काम त्यांना फार जड गेलं. सात वर्षांची नात गौरजा विचारायची, "आजोबा, आजी उठवायला नाहीये, मग हळदीला उठायचं कळणार कसं?"

"माका म्हायत नाय गो," भाई म्हणायचे.

मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या पोटात पाणी नव्हतं, उजेड नव्हता. हजार मैलांवर वालावलला काय ऋतू चालला आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. पण वैशाख संपता संपता माती आतून हलली. सुईच्या टोकाएवढं काहीतरी वर सरकत होतं. चार दिवसांनी ते बाहेर आलं. हिरवट पांढरं, घट्ट गुंडाळलेलं.

भाईंनी मला खाली काढलं, चष्मा पुसला आणि वाकून कितीतरी वेळ पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "इलंस?"

त्या दिवशी मला पुन्हा अर्धा मग पाणी मिळालं.

मित्रांनो, पानं गळाली म्हणून कुंडी लगेच उपडी करू नका. आणि घरातलं जे माणूस हे सगळं रोज करत असतं, त्याला ते असताना विचारून ठेवा. एवढंच माझं मागणं आहे.

आता श्रावण लागला आहे. माझ्यात पाच पानं आहेत. अनुजाने तांदळाचं पीठ आणून ठेवलंय. पातोळ्या कधी, असं गौरजा रोज विचारते. चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे. भाई रोज सकाळी सुरी घेऊन येतात आणि पानं पुसून परत जातात.

पान अजून कापलेलं नाही.