बोलती तार

“फेकलं मला बाहेर!” धाकटी सून टेबलावरून ओरडली. “आबा, बघा ना काय म्हणतंय हे!”

आबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल चौकट होती. ‘एकच उमेदवार एकाच वेळी दोन ठिकाणांहून दिसत आहे. पुन्हा असे झाल्यास परीक्षा रद्द.’

साडेदहा वाजले होते. परीक्षा अकराची. नर्सच्या परवान्याची ही परीक्षा तीनदाच देता येते आणि सुनेची ही तिसरी खेप होती. आठ वर्षं ती दवाखान्यात दुसऱ्यांच्या हाताखाली चादरी बदलत आली होती. आज घोटाळा झाला, तर जन्मभर चादरीच.

“दोन ठिकाणांहून म्हणजे? मी याच खुर्चीत बसलेय की!”

“हा डबीचा प्रताप,” असं म्हणून आबांनी टेबलाखाली डोकं घातलं.

त्या घरात इंटरनेटच्या तीन लाइनी येत. वरच्या मजल्यावर थोरल्याची, फायबरची. खाली धाकट्याची, गच्चीवरच्या अँटेनातून उतरणारी. दोघा भावांनी दोन वर्षं अबोला धरलेला, त्यामुळे एकाचा पासवर्ड दुसऱ्याला ठाऊक नाही. तिसरी आबांची, टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून गोगलगायीच्या चालीने येणारी. ऐन परीक्षेत एक लाइन गेली तर दुसरी असावी, म्हणून आबांनी लेकांना दम भरून तिन्ही लाइनी टेबलाखालच्या एका डबीत, म्हणजे राउटरमध्ये, आणून सोडल्या होत्या. भाऊ भावाचं तोंड बघत नव्हता, पण त्यांच्या लाइनी डबीत गुण्यागोविंदाने नांदत होत्या. नको तितक्या.

आबा म्हणजे टेलिफोनखात्यातले निवृत्त लाइनमन. गल्ली त्यांना हॅलोकाका म्हणे. अडतीस वर्षं खांबावर काढलेला हा माणूस खाली उतरला की थापा मारी, आणि त्याही अशा, की ऐकणाऱ्याने घरून पाट घेऊन यावं. एकदा म्हणे वादळात तार तुटली, तेव्हा दोन्ही टोकं दोन मुठींत धरून आबांनी एका बाळंतपणाची खबर स्वतःच्या अंगातून पलीकडे पोचवली. मुलगी झाली हे बापाच्या आधी आबांच्या कोपराला कळलं!

“डबी वाटण्या करते,” टेबलाखालून आबा म्हणाले. “तुझा चेहरा चाललाय थोरल्याच्या लाइनीवरून आणि उत्तरं धाकट्याच्या. पलीकडच्याला वाटतं, दोन बायका बसल्यात. तुला एकाच लाइनीला बांधायला हवं. बाकीच्या घराने उरलेल्या दोन वापराव्यात.”

आरडाओरडा ऐकून दोघे लेक येऊन उभे राहिले होते.

“माझ्या लाइनीला बांधा,” थोरला म्हणाला.

“आबा, त्यांना सांगा, रस्ता खणतायत, त्यांची लाइन सोमवारपासून दोनदा मेलीय,” धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला.

“आबा, त्याला सांगा, त्याची बारा वाजले की धापा टाकते.”

“खरंय दोघांचं,” आबा म्हणाले. “माझ्या लाइनीला बांधा.”

“तुमच्या?” सून रडकुंडीला आली. “आबा, तुमच्या लाइनीवर साधा फोटो यायचा तर मध्ये चहा होतो!”

“पण येतो ना? अकरा वर्षांत एकदा तरी यायचा राहिलाय? तुझा एक चेहरा आणि चार उत्तरं ती सहज ओढेल. दुसऱ्या कोणी तिच्यावर ओझं टाकायचं नाही, बस्स.”

हे बोलताना आबांना खणातलं पत्र आठवलं. गल्लीतल्या तांब्याच्या तारा या महिन्यात काढण्यात येतील, असं कंपनीने कळवलं होतं. ते पत्र त्यांनी कोणाला दाखवलं नव्हतं. दाखवलं नाही म्हणजे ते आलंच नाही, असा त्यांचा हिशेब. महिना संपायला अजून नऊ दिवस होते.

धाकटा मोबाइलवर डबीची सेटिंग उघडून बसला. थोरल्याने लॅपटॉपवरचा क्रमांक वाचायला घेतला. “सात, चार, बी, शून्य...”

“बी की डी?”

“बी रे! नीट ऐक.”

दोन वर्षांतलं ते पहिलं बोलणं. घाईत दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

अकराला तीन मिनिटं असताना लाल चौकट गेली. सुनेचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात दिसू लागला, अडखळत, पण एकटाच. सगळे चवड्यांवर खोलीबाहेर आले. परीक्षा साडेबाराला संपायची होती.

पावणेबाराला आबांनी सहज खिडकीतून पाहिलं. समोरच्या खांबाला शिडी लागली होती. शिडीवर हेल्मेट घातलेला एक चाळिशीचा लाइनमन, हातात कात्री. पलीकडच्या तीन घरांच्या तारा फुटपाथवर मरून पडल्या होत्या.

आबांनी कपाटातला जुना तपासणीचा फोन उचलला, दोन चिमट्यांचा, आणि सपाता फटफटवत रस्त्यावर आले.

“उतर खाली!”

“काका, बाजूला व्हा. डोक्यात पडेल काहीतरी.”

“ती डावीकडची जोडी सोड. तिच्यावर माणूस आहे.”

“यादीत सगळ्या बंद आहेत, काका.”

“यादी राहू दे. ऐकून पाहिलंस? बोलत्या तारेला कात्री लावायची नसते. आधी चिमटे लावायचे, कान द्यायचा, कोणी नसलं तरच तोडायची. आम्हाला हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं.”

“आम्हाला फोनच देत नाहीत आता. फोटो मागतात. बाराच्या आत गल्ली साफ केल्याचा फोटो.” मग त्याची नजर आबांच्या हाताकडे गेली. “तो द्या इकडे. ऐकतो आणि मोकळा होतो.”

आबांनी हात वर केला आणि तो तसाच थबकला. या जुन्या फोनचे चिमटे तारेला लागले, की तिच्यावरचं इंटरनेट ठेचकाळतं. हे त्यांना दोनदा अद्दल घडून कळलं होतं. तार जिवंत आहे हे दाखवायचं, तर ती मारावी लागणार. आबांनी हात खाली घेतला.

“नाही देत.”

“मग मी मानायचं कशावरून?”

आता आली का पंचाईत! जन्मभर ज्याच्या थापांवर गल्ली डोलली, त्याच्याकडे आज नेमकं खरं होतं आणि ते अगदीच साधं होतं. त्याला ना वादळ, ना कोपर.

“सून परीक्षा देतेय,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. “साडेबारापर्यंत. तिची शेवटची आहे. तार तुटली तर परीक्षा रद्द. यात मी एक अक्षरही वाढवलेलं नाही.”

लाइनमनने खिडकीकडे पाहिलं. मग आबांच्या हातातल्या, चिमट्यांचे दात झिजलेल्या फोनकडे पाहिलं. त्याने कात्री पट्ट्यात खोचली आणि तो शिडीच्या खालच्या पायरीवर येऊन बसला.

“आणि तुझा फोटो?”

“माझ्याकडे आज बारा उशिरा वाजणारेत.”

आबा खिडकीवरची नजर हलवीनात. बारा वाजले. सव्वाबारा. लाइनमनचा मोबाइल दोनदा वाजला. त्याने तो उलटा करून ठेवला.

बारा एकतीसला दार उघडलं. सून अनवाणीच धावत आली. मागून दोघे लेक.

“गेली, आबा! ‘उत्तरपत्रिका मिळाली’ असं आलं. एकदाही तुटली नाही तुमची!”

आबांनी मान हलवली. मग लाइनमनपुढे हात केला. “कात्री दे.”

“काका, वय काय तुमचं?”

“ते शिडीने विचारलं तर सांगेन.”

आबा चढले. शिडी एका बाजूने थोरल्याने धरली, दुसऱ्या बाजूने धाकट्याने. वर जाऊन त्यांनी डावीकडच्या जोडीला चिमटे लावले आणि फोन कानाला धरला. डायल टोनचा तोच एकसुरी, संथ आवाज. बराच वेळ ते ऐकत राहिले.

“काय म्हणतेय?” खालून सुनेने विचारलं. आता काहीतरी भन्नाट ऐकायला मिळणार म्हणून ती आधीच हसत होती.

“कोणी नाही,” आबा म्हणाले आणि त्यांनी कात्री दाबली.

तार सळसळत खाली गेली. फोन मात्र आबांनी कानावरून लगेच काढला नाही.