मामांचा डबा

मोतीबिंदूचं ऑपरेशन पेणला करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या सासूबाईंना झाला. भावाचा डोळा कापणार म्हणून कुणी लाडू वळायला घेत नाही, पण इंदुबाईंनी घेतले. कारण डॉक्टरांनी दोन-तीन दिवस पेणमध्येच राहायला सांगितलं होतं, आणि पेणमध्ये राहायचं म्हणजे रामवाडीत, आमच्याकडेच.

"आता खात कसा नाय तेच बघते," त्या मला म्हणाल्या.

बाबाजीमामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. रोह्याला पूल ओलांडला की अष्टमी, तिथे राहतात. मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय, मामा आमच्याकडे येतात, बसतात, पाणी पितात आणि उठतात. चहासुद्धा घेत नाहीत. माझ्या नणंदेच्या लग्नात मामा म्हणून तिच्या पाठीशी उभे राहिले, अक्षता पडल्या, आणि पंगत बसायच्या आत एसटी पकडून गेले. भाऊबीजेला सासूबाईच अष्टमीला जाऊन ओवाळून येतात.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, किंवा माहीत आहे असं आम्हाला वाटत होतं.

एकाहत्तरच्या लढाईत मामा पाकिस्तानच्या कैदेत सापडले. हे नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच की ते बेपत्ता आहेत. त्यांच्या तुकडीतल्या कुणीतरी सांगितलं की मी त्याला पडताना पाहिलं. सासूबाईंचं लग्न माझ्या सासऱ्यांशी आधीच ठरलेलं होतं. वडील नव्हते, कर्ता तो भाऊच. पेणची मंडळी अडून बसली. भाऊ असेल तर थांबतो, गेला असेल तर त्याचं सगळं करून मोकळे व्हा, पण असं मध्येच लोंबकळत ठेवून आमच्या मुलाच्या डोक्यावर अक्षता टाकू नका. मग चुलत्यांनी दर्भाचा पुतळा केला आणि कुंडलिका नदीच्या काठी त्याला अग्नी दिला. दहावं झालं, तेरावं झालं. वर्षाच्या आत घरात कार्य करायचं म्हणून वर्षश्राद्धही लगोलग उरकून घेतलं. तशी सोय आहे आपल्याकडे. आपल्याकडे सगळ्याची सोय आहे. वैशाखात सासूबाईंना हळद लागली.

आणि थंडीत मामा परत आले.

वाघा सरहद्दीवर म्हणे त्यांच्या गळ्यात हार पडले होते. गावात मात्र वेशीवरच थांबवलं. ज्याची क्रिया झाली तो माणूस सरळ घरात शिरत नाही, त्याला पुन्हा जन्माला यावं लागतं. त्या उंच, हाडं निघालेल्या शिपायाला आंघोळ घातली, तान्ह्या मुलासारखं मधाचं बोट चाटवलं, लुगड्याच्या झोळीखाली बसवून त्याचं बारसं केलं. आधीचं नाव लक्ष्मण. ते जळालं, म्हणून नवीन ठेवलं, बाबाजी. आत्या कधीच वारलेली, तेव्हा कानात 'कुर्रर्र' करायला बहिणीला पेणहून बोलावलं. बायका हसत हसत पाठीत धपाटे घालत होत्या, आणि सासूबाई भावाच्या कानाला तोंड लावून रडत होत्या.

हे सगळं मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलंय. भाजी चिरताना, पापड वाळत घालताना, कधीही. "त्याला जाळून मी बोहल्यावर चढले गो." सुरुवातीला मी समजूत घालायचे. पुढे पुढे वैतागायचे. एकदा म्हटलं, "अहो, तुम्ही पोरसवदा. तुम्हाला विचारलं होतं का कुणी?"

"इचारला व्हता," त्या म्हणाल्या. "काका बोलला, इंदे, थांबायचा काय? मी खाली बघितलं. मला हे स्थळ आवडलं व्हतं."

त्यानंतर मी समजूत घालणं सोडून दिलं.

मामा स्वतः कैदेबद्दल बोलायचे ते शाळेची सहल सांगावी तसं. पहारेकऱ्याकडून शिकलेल्या पंजाबी शिव्या, उवांच्या शर्यती, कांबळ्यावरून झालेली भांडणं. नातवंडं हसून लोळायची. दसऱ्याला रोह्याच्या ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात, तेव्हा मामाही गर्दीत ताठ उभे राहतात. त्याचीसुद्धा ते स्वतःच थट्टा करायचे. पण एवढा हसरा माणूस बहिणीच्या घरचा घास का घेत नाही, हे त्यांना विचारायची हिंमत कुणी केली नाही. सासूबाईंनी तर नाहीच. उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

तर मामा आले. ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून रामवाडीत आले, कॉटवर बसले आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. हौसामामींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकी चटणी भरून दिली होती. सासूबाईंनी केलेले लाडू ताटलीत तसेच राहिले. त्या आत गेल्या आणि उगाचच भांडी घासत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा उघडला. ऑक्टोबरचा उकाडा, भाकऱ्यांना वास सुटला होता. गोळ्या तर जेवल्याशिवाय घ्यायच्या नव्हत्या. सासूबाईंचा चेहरा मला बघवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला मामांचाही राग आला होता. पन्नास वर्षं धरून बसण्यासारखा राग असतो का कुठे? डबा मी घासला. "मामींच्या हातचं वालाचं बिरडं कसं असतं?" मी विचारलं. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मोड आलेले वाल सोलायला घेतले.

माझे यजमान रोह्याजवळच्या धाटावला कंपनीत आहेत. रात्रपाळी करून बसने सकाळी घरी येतात. मी त्यांना दारातच गाठलं. "मामांनी विचारलं तर सांगायचं, येताना मामींकडून डबा आणला."

"मला नका घेऊ यात," ते म्हणाले आणि जाऊन झोपले. खोटं बोलायचं काम मग माझ्यावरच आलं.

दुपारी मी तोच डबा मामांसमोर ठेवला. "मामींनी ताजा पाठवलाय. हे घेऊन आले सकाळी."

"पोराला उगाच हेलपाटा," मामा म्हणाले आणि जेवायला बसले.

पहिला घास त्यांनी घेतला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मामा खात होते, चांगले मिटक्या मारत. "हौसाचा हात आज बरा लागलाय," असंही म्हणाले. सासूबाईंचे डोळे वाहत होते आणि त्या हसत होत्या. मला वाटलं, केवढं पुण्याचं काम केलं मी! हा विचार आठवला की आज माझी मलाच लाज वाटते.

मग घोटाळा झाला. मामांच्या ताटातली भाकरी संपली. जन्मभर वाढत आलेली बाई ती. भावाचं ताट रिकामं दिसलं आणि तिला भान राहिलं नाही. तव्यावरची भाकरी उचलून तिने सरळ मामांच्या ताटात टाकली.

मामांचा हात त्या भाकरीवर पडला आणि तिथेच थांबला. भाकरीतून वाफ येत होती. अष्टमीहून आलेल्या भाकरीतून वाफ येत नाही.

"ही हतली हाय, या घरची," मामा म्हणाले.

सासूबाईंचा बांध फुटला. त्या तिथेच खाली बसल्या. "व्हय, हतली. माझ्या हातची. दादा, किती वर्सं राग धरशील? मी तुला जाळून हळद लावून घेतली, माझं चुकलं. मार मला, पन जेव."

"राग?" मामांचा उघडा डोळा तिला शोधत होता. "कोन बोलला तुला, मी रागावलोय म्हनून?"

"मग का जेवत नाय माझ्या घरी?"

मामांनी भाकरी ताटाच्या कडेला सरकवली. सांगावं की नाही याचा विचार करत असावेत. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

"तिकडं खायाला फार नसायचा," ते म्हणाले. "सांजेला भूक लागली की आमी पंगत मांडायचो. खोटी. सगली वलीनं बसायची, रिकामी ताटं घेऊन. एकानं वाढायचा, आपल्या गावच्या लग्नातलं जेवान. मी तुझ्या लग्नातला वाढायचो. भात घ्या, वाल घ्या, जिलबी घ्या. पोरं नको नको बोलायची, पोट भरला बोलायची. लय हसायचो. तवाच धावीराला नवस बोललो. मला घरी ने, इंदीच्या लग्नाची पंगत मी माझ्या हातानं वाढीन. ती वाढल्याबिगर तिच्या सासरच्या अन्नाला शिवनार नाय."

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"आलो तर तुझं लग्न होऊन गेलेला. नवस तसाच रायला. तुला काय सांगनार? तू आधीच रडत व्हतीस."

म्हणजे इकडे नदीकाठी त्यांचा पुतळा जळत होता, तेव्हा तिकडे ते रिकाम्या ताटांत बहिणीचं लग्न वाढत होते. आणि तो नवस, तिला कळू नये म्हणून इतकी वर्षं पाळलेला, मी एका घासलेल्या डब्यात भरून मोडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, माझी अक्कल होती ही," मी म्हटलं. "त्यांची नाही."

मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते सासूबाईंकडे बघून हसले. "घाबरतेस कशाला गो? नवस लक्षुमनाचा व्हता. त्याला तर तुमी जाळलाव. बाबाजीला कसला नवस?"

तिला हलकं वाटावं म्हणून केलेली ती थट्टा होती. पण सासूबाईंचा चेहरा असा झाला की मला तो बघवेना.

मामांच्याही ते लक्षात आलं असावं. ते भिंतीला धरून उठले. "अनिता, ताटं मांड. आणि त्या झोपलेल्याला उठव."

मी मांडली. आम्ही तिघं जमिनीवर ओळीने बसलो, माझे यजमान डोळे चोळत, सासूबाई मध्ये. मामांनी भाताचं पातेलं एका हातात घेतलं, दुसऱ्या हातात डाव. एका डोळ्याने अंदाज चुकत होता, भात ताटाबाहेर सांडत होता. मी उठायला लागले तर नजरेनेच बसवलं. भात घ्या, वाल घ्या, असं म्हणत ते ओळीतून फिरले. सासूबाईंच्या पुढ्यात वाकून त्यांनी दोनदा वाढलं आणि मग मोठ्याने, सगळ्या लग्नाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सावकास होऊ द्या, मंडली!"

सासूबाईंच्या हातात घास होता. तो तोंडापर्यंत जाईना.

"जेव गो," मामा म्हणाले. "तिकडं रिकाम्या ताटातनं सगली जेवायची. तुझा तर भरलेला हाय."

सासूबाईंनी घास तोंडात घातला. कितीतरी वेळ चावत राहिल्या. त्यांचं ताट संपेपर्यंत मामा डाव हातात धरून तिथेच उभे होते.