नऊ खुर्च्या आणि आठशेचं पाकीट

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावर बिस्किटांचं चित्र आहे, पण आशेनं उघडू नका. गेली सोळा वर्षं माझ्या पोटात फक्त बिलं आहेत. किती पाहुण्यांनी झाकण उघडून तोंड वाकडं केलं असेल, त्याची गणतीच नाही.

मी आलो तेव्हा चकचकीत होतो. बिस्किटं दोन दिवसांत फस्त झाली आणि ताईंनी मला कामाला लावलं. ताई म्हणजे आमच्या संस्थेच्या कर्त्याधर्त्या. ज्या मुलांना चालता येत नाही, त्यांच्यासाठी आमच्याकडे चाकाच्या खुर्च्या बनतात. ज्याच्या त्याच्या मापाच्या आणि अगदी फुकट. जागा म्हणाल तर दोनच खोल्या. पुढच्या खोलीत ताईंचं टेबल आणि टेबलावर मी. मागच्या खोलीत वेल्डरकाका, त्यांच्या नळ्या, चाकं आणि ठिणग्या. भिंतीवर एक लांबलचक कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर मुलांची मापं लिहिलेली असतात.

वेल्डरकाका म्हणजे एक वल्लीच. नळी आणली, चाक आणलं, उशीचा फोम आणला, की बिल माझ्यात टाकण्याआधी ते पेन्सिलीचं टोक जिभेला लावत आणि बिलाच्या मागे लिहीत, ही वस्तू कुणाच्या खुर्चीची. मुलांची खरी नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. म्हणून 'चष्मेवाला', 'हसरी', 'जुळ्यांतला मोठा', असं काहीबाही लिहीत. सगळे त्यांच्या या सवयीला हसत. बिल उलटून मात्र कुणी पाहत नसे.

हिशोब ताईंचे थोरले भाऊ सांभाळत. दर रविवारी येत, मला टेबलावर उपडं करत, तासभर कपाळाला आठ्या घालून बसत आणि सगळं पुन्हा माझ्यात कोंबून घरी जात. मला वाटे, मी भरलेला म्हणजे संस्था भरभराटीला आलेली. केवढा गर्व होता मला! पुढेपुढे माझं झाकण लागेना, तेव्हा त्याला दोरी बांधली. मग टेबलावर जागा पुरेना, म्हणून मला कपाटावर चढवलं. तिथे माझ्यावर धूळ साचली आणि कडेला गंज चढला. बिलं तेवढी वरून पडत राहिली.

आणि एक दिवस देणगीदारांचं पत्र आलं.

त्यांनी चाळीस खुर्च्यांसाठी पैसे कबूल केले होते. खुर्चीमागे चार हजार हा आकडा ताईंनीच दिला होता. वीस खुर्च्यांचे ऐंशी हजार आधी मिळाले होते. खुर्च्या मात्र अकराच झाल्या आणि पैसे संपत आले. पत्रात सरळ विचारलं होतं, बाकीच्या नऊ खुर्च्या कुठे आहेत? सहा आठवड्यांत हिशोब द्या, नाहीतर घेतलेले पैसे परत करा, पुढचा हप्ताही रद्द.

मित्रांनो, त्या नऊ मुलांची मापं भिंतीवर लिहून झाली होती. माप म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. चार महिन्यांत पाय बोटभर लांब होतात आणि माप फुकट जातं. मुलं काही आमचा हिशोब जुळेपर्यंत वाढायची थांबणार नव्हती. काका रोज त्या कागदासमोर उभे राहत आणि तसेच मागच्या खोलीत जात. सामान तेच आणत ना! आपल्यावर संशय येईल, ही भीती त्यांना आतून खात होती. मला फार वाईट वाटत होतं.

भावांनी हात टेकले. पूर्ण वेळाचा हिशोबनीस ठेवायची ऐपत नव्हती. तेव्हा शेजारच्या वाचनालयाच्या बाईंनी एक नाव सुचवलं. एक बाई चार संस्थांचे हिशोब बघतात, प्रत्येकीकडे आठवड्यातून अर्धा दिवस. ताईंना ते मुळीच पटेना. चार ठिकाणी जीव असलेली बाई आपल्याला काय न्याय देणार? शिवाय तिची फी महिन्याला दोन हजार, म्हणजे ताईंच्या हिशोबानं अर्धी खुर्ची. मुलाच्या तोंडचा घास काढून कागद रंगवायला द्यायचा, असंच त्यांना वाटत होतं. दोन दिवस त्या धड जेवल्या नाहीत. मग नऊ मापांकडे पाहून त्यांनी फोन लावला.

बाई मंगळवारी आल्या. काकांनी लगेच नाव ठेवलं, मंगळवारबाई. त्यांनी मला कपाटावरून स्वतः उतरवलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि दोरी सोडली. सोळा वर्षांत मला कुणी पुसलं नव्हतं हो! काका दारात हाताची घडी घालून उभे. बाहेरची बाई आपल्या डब्यात हात घालतेय, हे त्यांना बघवत नव्हतं.

बाईंनी एक बिल हातात घेतलं, वाचलं आणि उलटलं. मग दुसरं. मग तिसरं.

"काका, ही 'हसरी' कोण?"

काका ओशाळले. म्हणाले, "सवय आहे आपली. राग मानू नका."

"राग कसला? तुम्ही तर माझं निम्मं काम करून ठेवलंय."

त्या दिवशी जुन्या वर्षांची बिलं बाजूला झाली आणि टेबलावर अकरा ढीग लागले, एकेका मुलाचा एकेक. प्रत्येक ढीग चार हजारांच्या आसपास भरला. ताईंचा आकडा बरोबर होता, पण तो नुसत्या सामानाचा होता. बाईंनी विचारलं, काकांची मजुरी, भाडं, वीज, खुर्ची घरपोच करणारा टेम्पो, हे कुठे धरलंय? ताई म्हणाल्या, काका आपल्याच घरचे, त्यांचा पगार खर्चात कसा धरायचा? त्या खरंच तसं मानत होत्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढच्या मंगळवारी सगळं मांडून दाखवलं. एक खुर्ची सात हजार दोनशेला पडत होती. जितक्या जास्त खुर्च्या बनवू, तितके आम्ही खड्ड्यात जात होतो. एक पैसा कुणी खाल्ला नव्हता. ताईंनी मागतानाच कमी मागितलं होतं.

पाचव्या मंगळवारी देणगीदारांचे तपासणीस आले. चेहरा अगदी कोरडा. त्यांनी अकराही ढीग तपासले, मजुरी, भाडं आणि बाकीचा खर्च मिळवून बेरीज केली. एकोणऐंशी हजार दोनशे. मग चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, उरलेले आठशे?

माझ्या तळाशी एक पाकीट होतं, उरलेली रोकड बाईंनी त्यात घालून ठेवली होती. बाईंनी ते काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मोजले. बरोबर आठशे! मित्रांनो, मला घंटेसारखं वाजावंसं वाटलं. काकांनी खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाले. त्या दिवशी वेल्डिंग बंद होतं.

तपासणिसांनी नवा दर पाहिला, खुर्चीला सात हजार सातशे. बोट ठेवून म्हणाले, "हे वरचे पाचशे कसले?"

"ते माझे," मंगळवारबाई म्हणाल्या. "महिन्याला चार खुर्च्या होतात. हिशोब ठेवायलाही पैसे लागतात, आणि ते लपवायचे नसतात."

तपासणीस पहिल्यांदाच हसले. नवा दर मंजूर झाला, पुढचा हप्ता त्याच आठवड्यात आला. काकांनी कंबर कसली आणि दोन महिन्यांत नऊच्या नऊ खुर्च्या उभ्या केल्या. शेवटची होती टोपीवालीची. तिचे पाय तेवढ्यात वाढलेच होते, म्हणून काकांनी पायाची पट्टी बोटभर खाली घेतली. ती बसली, तिनं स्वतः चाकं फिरवली आणि टेबलाला गोल चक्कर मारून माझ्या झाकणावर थाप दिली. एवढी शाबासकी मला जन्मात मिळाली नव्हती.

आता मी पुन्हा टेबलावर असतो. दर मंगळवारी बाई मला रिकामा करतात. पूर्वी भरलेला असण्याचा गर्व होता, आता रिकामं होण्याचा आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्याला कपाटावर टाकू नका, आणि त्यातला कागद कधीतरी उलटूनही पाहा.

गेल्या महिन्यात मंगळवारबाईंच्या फीचं बिल माझ्यात पडलं. मागची बाजू कोरी होती. काकांनी ते बाहेर काढलं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि जपून लिहिलं, 'सगळ्या पोरांच्या खुर्चीची.'