माघातली पोपटी

सावित्रीकाठच्या तुडीलमध्ये सोनालीच्या सासरचा भाताचा एक तुकडा आहे, घरामागून नदीकडे उतरत गेलेला. त्या वर्षी दसऱ्याआधीच तिथलं लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं. चिखल अजून घोट्याला लागत होता, तरी सोनालीने त्यात वाल पेरले.

सासू मार्थाबाई मागच्या पायरीवर बसून बघत होत्या. वाफसा येऊ दे, त्या म्हणाल्या. चिखल जाऊ दे, ओल तेवढी राहू दे, मग पेर. सोनालीने ऐकलं नाही. तिला नाताळला शेंगा हव्या होत्या.

नाताळला शेंगा हव्या होत्या त्या बापासाठी. तिचा बाप मुरारी पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असताना सोनालीची शमुवेलशी ओळख झाली आणि पुढे त्याच्या देवाशी. तिने बाप्तिस्मा घेतला, लग्न केलं. मुरारी ओरडला नाही, शिवी दिली नाही. फक्त यायचा थांबला. महाडच्या बाजाराला येई, पण तुडीलच्या वाटेला वळत नसे. सोनालीची लेक रूथ रांगता रांगता चालायला लागली, तरी आजाने नात पाहिली नव्हती.

रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत सोनाली तेवढंच मागे. आणि बापाचं एक बोलणं तिला लहानपणापासून पाठ होतं, की पोपटीचं आवतन वैऱ्याचं असलं तरी मोडू नये. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं उपडं ठेवावं, भोवती जाळ करावा, आणि त्या जाळाशी बसून जुनं भांडण उकरणारा मुरारीला माणूसच वाटत नसे. म्हणून नाताळच्या दिवशी पोपटी लावायची आणि बापाला बोलावायचं, असं तिने ठरवून टाकलं. ठरवल्यावर देवालाही कळवलं.

शमुवेल हसला. "देवाला पण शिफ्ट लावून दिलीस," म्हणाला.

बियाणं बापाच्याच शेतातलं होतं. आईने, रंगूबाईने, राखेत घोळलेले ते वाल घरात कुणाला न सांगता पोलादपूरच्या बाजारात लेकीच्या पदरात बांधले होते.

परतीच्या पावसाच्या दोन सरी आल्या. वाल काही वर आले नाहीत. सोनालीने बोटाने माती उकरली. दाणे फुगून मऊ झाले होते, वास मारत होते. ती बांधावर बसून राहिली. बापाच्या हातचं बी होतं, आणि ते तिने घाईत कुजवलं होतं.

"सांगितलं होतं ना," असं मार्थाबाई म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जात्यावर तांदूळ दळताना त्यांनी नुसती ओवी म्हटली:

दाणा माझ्या हाती, देवा, ओल तुझ्या हाती
वाट बघत्ये माती, बाई, वाट बघत्ये माती

सोनालीने जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावला. त्या संध्याकाळी प्रार्थनेत तिने नाताळचं नाव काढलं नाही. तुझ्या वेळेला, एवढंच म्हणाली. म्हणायला जड गेलं, पण नंतर झोप लागली.

पुढच्या बाजाराला तिने आईला बी कुजल्याचं आणि नाताळच्या पोपटीचा बेत राहिल्याचं सांगितलं. बापाला आवतन धाडलं नाही, निरोप दिला नाही. रंगूबाईच्या पोटात मात्र ती गोष्ट राहिली नाही. मुरारीने लेकीचा दुरावा तीन वर्षं सोसला होता. बी कुजल्याचं त्याला एक रात्र सोसलं नाही.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी सोनाली मागच्या दारी आली, तर बाप शेतात उभा. खांद्यावर वालाची पिशवी. तिच्याकडे न बघता तो वाकला, मूठभर माती दाबून तिचा गोळा केला आणि हातातून सोडला. गोळा भुईवर पडून फुटला.

"आज वाफसा हाय," तो म्हणाला. "चिखलात वाल घालतात काय गो? कुनी शिकवलं तुला?"

"तू बरोबर शिकवलं होतंस, बाबा. मीच थांबले नाय."

मग दोघं पेरायला लागली. तो पुढे, ती मागे, तिच्या लहानपणी होती तशीच. रूथ दुडदुडत आली, पिशवीत हात घालून तिने एक वाल तोंडात टाकला. आजाने नातीला पहिल्यांदा हात लावला तो तिच्या गालातला वाल काढायला. तिने त्याचं बोट चावलं. "आयशीवर गेलीय," मुरारी म्हणाला, आणि बोट बराच वेळ तसंच धरून राहिला.

घरात काही तो आला नाही. चहा बांधावरच प्याला.

नाताळला पोपटी झाली नाही. वाल नुकते कळीवर आले होते. उपासनेहून आल्यावर सोनाली सणाच्या लुगड्यातच त्या झाडांत बसली आणि एकेका कळीसाठी देवाचे आभार मानत राहिली.

माघात शेंगा भरल्या. मुरारी भांबुर्ड्याचा भारा घेऊन आला, बरोबर रंगूबाई. या खेपेला तो पुढच्या दाराने आला. जाळ पेटवण्याआधी मार्थाबाईंनी प्रार्थना केली, तेव्हा त्यानेही हात जोडले. डोळे मात्र मडक्यावर ठेवले. जाळ बसत आला तेव्हा शमुवेल मडकं उचलायला पुढे झाला.

"थांबा, जावई," मुरारी म्हणाला. "आधी पानी मारून बघा." मडक्यावर थेंब पडले, चर्र वाजून उडून गेले, तेव्हा त्याने मान हलवली.

वाफाळत्या शेंगा पाल्यावर ओतल्या. एक सोलता सोलता तो सोनालीला म्हणाला, "नाताळात बोलावनार व्हतीस म्हनं."

"हो."

"नसतो आलो."

"वैऱ्याचं पण आवतन मोडू नये म्हणतोस ना?"

"वैऱ्याचं मोडत नाय," मुरारी म्हणाला. "पोरीचं मोडलं असतं."

सोनालीने गरम शेंगा ओंजळीत घेतल्या, डोळे मिटले आणि सगळ्यात आधी त्या कुजलेल्या दाण्यांसाठी आभार मानले. डोळे उघडले तेव्हा रूथ तिच्या ओंजळीतल्या शेंगा काढून आजाच्या टोपीत भरत होती.