तिसरं उतरणं

ताईला विमान चालवायचा परवाना मिळाला आणि डोक्यात हवा गेली ती नातेवाइकांच्या. औषधांचं दुकान सांभाळून, चाळिशी उलटल्यावर, सुट्टीच्या दिवशी धडे गिरवून तिने तो खासगी परवाना मिळवला होता. दिराला वाटलं, घरचं विमान झालं. शेजारी तर भाडं किती घेणार ते विचारून गेला. ती सांगून सांगून थकली, की अहो, भाड्याने कुणाला नेता येत नाही, ढगात शिरता येत नाही, आणि विमान क्लबचं आहे, माझ्या बापाचं नाही. पण ऐकतंय कोण?

त्यात तिचा थोरला भाऊ, दादा, सगळ्यांच्या वरताण. त्या दिवशी सकाळी डोंगरापलीकडच्या गावातून दवाखान्याचा फोन आला, की वडिलांचं, आप्पांचं, काही खरं नाही, आजचा दिवस निघाला तर निघाला. रस्त्याने नऊ तास, विमानाने तास भरायच्या आत. दादाने ताईला विचारायचीही तसदी घेतली नाही. दुपारच्या आत पोचतो, असं नर्सला परस्पर सांगून मोकळा.

दादा आणि आप्पा अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. आप्पांचं इथेच लेथचं वर्कशॉप होतं. दादाने मागच्याच गल्लीत आपलं वेगळं थाटलं आणि दोघंही हट्टाला पेटले. शेवटी आप्पा वर्कशॉप बंद करून डोंगरापलीकडे गावी जाऊन राहिले. आता महिनाभर आप्पा येईल त्याला एकच विचारत होते, थोरला आला का. फोनवर त्यांना धड ऐकू येत नसे, म्हणजे जायलाच हवं होतं. आणि दादाला जायचं होतं, हे त्याच्या उलट्या घातलेल्या स्वेटरवरूनही कळत होतं.

क्लबात ताईने आपली उड्डाणांची नोंदवही उघडली आणि दिवस मोजले. शेवटचं उड्डाण शहाण्णव दिवसांपूर्वीचं! दुकानातली बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हापासून ताईला इकडे फिरकायलाच झालं नव्हतं. नियम असा, की शेजारी कुणाला बसवायचं तर गेल्या नव्वद दिवसांत तीनदा उडून तीनदा उतरलेलं पाहिजे. एकटीने जायला मुभा होती.

दादा भडकला. सहा दिवसांनी असं काय आभाळ कोसळतं, कोण बघायला बसलंय, असं बरंच बोलला. ताईने ऐकून घेतलं आणि सांगितलं, की आत्ताच तीन फेऱ्या मारते, अर्ध्या तासाचं काम आहे, तू कुंपणापाशी थांब. हवामानवाल्याने बजावलं होतं, डोंगरातल्या खिंडीवर ढग उतरतोय, अकराच्या आत पार व्हा. वेळ होता, पण बेताचाच.

पहिलंच उतरणं असं आदळलं की तिचे दात वाजले. हा नियम करणारा काही मूर्ख नव्हता, असं तिला वाटून गेलं. दुसऱ्या फेरीत ती धावपट्टीच्या तोंडाशी आली, तर कुणी नवशिक्या मधोमध विमान थांबवून बसलेला. तिला पुन्हा वर जावं लागलं, आणि मग पुढच्या दोघांच्या मागे रांगेत घिरट्या. वरून दादा दिसत होता, कुंपणाला धरून येरझाऱ्या घालणारा. तिचे डोळे सारखे घड्याळाकडे जात होते.

ती दुसऱ्यांदा उतरली तेव्हा हवामानवाल्याचा निरोप आलाच होता. ढग घाईत आहे. या क्षणी निघालात तरच जमेल.

ताई धावत कुंपणापाशी गेली. आणखी एक फेरी मारली तर खिंड मिटेल, हे तिने धापा टाकत सांगितलं. आणि पुढे तिच्या तोंडून निघून गेलं, "चल, बस. होईल ते होईल."

दादा हलला नाही.

"मघाशी कशी आपटलीस ते पाहिलंय मी," तो म्हणाला. "आप्पांना दोन्ही लेकरं एका दिवशी घालवायला लावू नकोस. तू जा."

"त्यांना काय सांगू?"

अकरा वर्षांत तयार करून ठेवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"सांग, कुंपणापर्यंत आलो होतो."

खिंडीतून ती निघाली तेव्हा ढग पंखांच्या जरा वर होता. पलीकडच्या मैदानात चाकं अगदी अलगद टेकली. हे तिसरं. आता तिला कायद्याने दादाला नेता आलं असतं, पण मागे वळून पाहिलं तर डोंगरच दिसेना. तिला रडू आवरेना.

आप्पा जागे होते. तिच्या खांद्यावरून ते दाराकडे बघत राहिले. तिने त्यांच्या कानाशी वाकून, नियमबियम काही न सांगता, निरोप तेवढा सांगितला. आप्पांनी तो दोनदा म्हणवून घेतला.

"अकरा वर्षांत मला तेवढंही जमलं नाही," ते म्हणाले.

बाहेर येऊन ताईने दादाला फोन लावला आणि ते शब्द जसेच्या तसे सांगितले. पलीकडून इंजिनाचा आवाज येत होता. दादा केव्हाच गाडी काढून नऊ तासांच्या रस्त्याला लागला होता.