पाहुण्यांसाठी आवरलेलं वाचनालय

ती पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा तिच्या मनात एक शांत खोली असणार. खाली घातलेल्या माना, पान उलटल्याचा तेवढा आवाज. प्रत्यक्षात तिला भेटलं ते भांडण. आदल्या दिवशीचं शब्दकोडं कुणीतरी पेनने सोडवून ठेवलं होतं, तेही चुकीचं, आणि चार माणसं माझ्यावर हात आपटत एकमेकांना जाब विचारत होती.

माझ्यावर, म्हणजे टेबलावर. या सार्वजनिक वाचनालयातलं लांब टेबल ते मीच.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो नाही. वाचनालय काढायचं ठरलं तेव्हा लोकांकडे थोडीफार पुस्तकं होती, पण ती वाचायला बसणार कशावर? मग ज्याच्या घरी जे लाकूड निघालं ते त्याने आणून टाकलं. वाण्याने दुकानातली जुनी फळी दिली. एका बाईंनी मोडलेल्या पलंगाचे पाय दिले. शाळेने तुटक्या बाकांचा ढीगच पाठवला. सुताराने कपाळाला हात लावला. म्हणाला, "याचं टेबल करू की भंगाराचं दुकान टाकू?" पण जुळवलं त्याने. माझा रंग प्रत्येक फळीत वेगळा आहे आणि एक पाय किंचित आखूड आहे. त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असते.

माझा मालक कोण, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. जो खुर्ची ओढून बसतो तो उठेपर्यंत माझा मालक. तो उठला की दुसरा. वशिला लागत नाही, काही विकत घ्यावं लागत नाही, आणि 'तुमचं काय काम आहे?' असं विचारायला कुणी येत नाही. इतकी वर्षं मी माणसं बघतोय. अशी जागा गावात दुसरी असल्याचं कुणाच्या बोलण्यात आलेलं नाही.

दिवस काही सगळेच चांगले गेले नाहीत. मध्ये छप्पर गळायला लागलं म्हणून वाचनालय बंद ठेवलं होतं. तेव्हा माझ्यावर रंगाचे डबे रचले, निवडणुकीत मतपेट्या ठेवल्या. रिकामा नव्हतो मी. पण डब्यांना कोपरं नसतात. माणूस वाचायला बसला की त्याची कोपरं टेबलावर येतात आणि हळूहळू सगळा भार तो आपल्यावर टाकतो. त्याची सवय लागली की डबे जड वाटतात.

सध्याची मंडळी थोडी आहेत, पण नेमाची. एक निवृत्त कारकून आहेत. वर्तमानपत्राचं पहिलं पान एकदा धरलं की सोडत नाहीत, म्हणून त्यांना सगळे 'हेडलाइन' म्हणतात. एक प्लंबर येतो. पान्यांची पिशवी माझ्या पायाशी ठेवतो आणि मोठमोठ्या धरणांची चित्रं असलेलं जाड पुस्तक उघडून बसतो. घरी त्याने हे कुणाला सांगितलेलं नाही. रात्रपाळी संपवून नर्सबाई येतात. पुस्तक उघडतात, दोन ओळी वाचतात आणि त्यावरच डोकं टेकून झोपतात. घरी एकच खोली आणि माणसं भरपूर. त्या झोपल्या की हेडलाइनसुद्धा पान जपून उलटतात. आणि चौथ्या म्हणजे ज्यांना सगळेच 'आत्या' म्हणतात त्या. त्या फक्त निधनाच्या बातम्या वाचतात. कुणाच्या घरी भेटायला जायला हवं हे बाकीच्यांना त्यांच्याकडूनच कळतं.

वर्तमानपत्र एकच येतं. ते सुटं करून पानं वाटतात आणि प्रत्येक पान डावीकडच्या माणसाकडे सरकत राहतं. आपल्या पानात दुसऱ्याच्या कामाचं काही दिसलं, तर ते मोठ्याने वाचून दाखवायचं. भिंतीवरच्या नियमांत हे कुठे लिहिलेलं नाही, पण भिंतीवरच्यांपेक्षा हाच नियम जास्त पाळला जातो.

दारात उभी राहिलेली मुलगी म्हणजे या आत्यांच्या भावाची लेक. ग्रंथालयाचं शिक्षण घ्यायला फार लांब गेली होती. सगळ्यांना वाटलं, आता कसली परत येते! ती आली. नगरपालिकेने तिला इथे ग्रंथपाल नेमलं. तिच्या हुशारीमुळे नेमलं असं म्हणायला हरकत नाही, पण दुसऱ्या कुणाचा अर्जच नव्हता हेही खरं.

त्या पहिल्या दिवशी ती म्हणाली, "जरा शांतपणे वाचाल का?"

"ताई, वाचतोच आहोत," हेडलाइन म्हणाले. "फक्त एकमेकांना."

तिला ते तेव्हा पटलं नाही. पण पोरगी चिकाटीची. बाजारात, शाळांत, दवाखान्याच्या बाकांवर जाऊन ती लोकांना सांगायची, "वाचनालय तुमचं आहे. या, बसा, काहीही विचारा." संध्याकाळी खोली रिकामी झाली की माझ्यासमोर उभी राहून भाषणाची तयारी करायची. 'ज्याच्या घरी पुस्तक नाही, ज्याला घरी कोपरा नाही, त्याच्यासाठी गावाने राखलेली ही जागा आहे,' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! दर वेळी तिचा आवाज तिथे चढायचा. समोर कुणी नसतानाही.

मग बातमी आली. नगरपालिकेच्या जुन्या फायलींना जागा पुरेना, म्हणून ही खोली त्यांना द्यायची असं काही नगरसेवकांच्या मनात होतं. पुस्तकं कपाटांसकट शाळेच्या माळ्यावर जाणार. आधी नगरपालिकेची समिती पाहणीला येणार आणि दुसऱ्या दिवशी सभेत ठराव येणार.

मुलगी आवरायला लागली. जळमटं काढली, खिडक्या धुतल्या, मला तेल लावून पुसलं. पाहणीच्या आदल्या दुपारी ती पडदे आणायला शिंप्याकडे गेली होती. तेवढ्यात आत्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"ऐका. उद्या समितीची माणसं येणार. उद्या इथे कुणी फिरकायचं नाही."

"का बुवा?" हेडलाइन म्हणाले.

"का काय? घरी मोठे पाहुणे यायचे असले की पुढची खोली मोकळी करता ना? पसारा उचलता, पोरांना मागे पिटाळता. मग? तुम्ही हात आपटत बसणार, याची ती पान्यांची पिशवी पायात येणार, आणि ह्या नर्सबाई घोरणार!"

"मी घोरत नाही," नर्सबाई म्हणाल्या.

हेडलाइननी छताकडे बघितलं.

"तसं फार नाही," शेवटी प्लंबर म्हणाला.

"पोरीने रक्ताचं पाणी केलंय," आत्या म्हणाल्या. "साहेब लोकांना दिसू दे, कसं चकाचक ठेवलंय ते. तिची अब्रू आपल्या हातात आहे."

"पण माझं पहिलं पान?"

"एक दिवस नाही वाचलं तर मराल का?"

"मेलो तर सगळ्यांच्या आधी तुम्हालाच कळेल म्हणा," हेडलाइन म्हणाले, आणि सगळे हसले. मग एकेकाने कबूल केलं. दुपारी येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही निरोप द्यायचं ठरलं. यातलं तिला काही सांगायचं नाही, असंही आत्यांनी बजावलं. मदत केली म्हणून मिरवायचं कशाला?

मला हे बरं दिसत नव्हतं. पण या घरात मी ऐकण्याच्या कामावर आहे.

दुसऱ्या दिवशी समितीची माणसं वेळेवर आली. अध्यक्षबाई, एक इंजिनियर आणि फाईल धरलेला एक कारकून. नवे पडदे हलत होते. खुर्च्या ओळीत होत्या. कोऱ्या करकरीत घडीचं वर्तमानपत्र माझ्या मधोमध पडून होतं.

"किती स्वच्छ!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि किती शांत!"

"येतीलच आता सगळे," मुलगी म्हणाली आणि दाराकडे बघायला लागली.

तिने भाषण सुरू केलं. त्या वाक्याशी आली तेव्हा आवाज चढला, पण नजर पुन्हा दाराकडे गेली आणि पुढचे शब्द तिला आठवेनात. इंजिनियरने तोवर भिंतीची लांबी मोजून घेतली. अध्यक्षबाईंनी माझ्यावरून बोट फिरवलं. त्याला धूळ लागली नाही.

"वाईट वाटून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. "तू फार छान ठेवलं आहेस. पण कुणासाठी ठेवलं आहेस, सांग बघू?"

तिने ओळीतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं.

ते गेल्यावर ती माझ्या टोकाशी बसली. शिकायला गेली होती तिकडच्या एका मैत्रिणीला तिने फोन लावला. "तू म्हणत होतीस तेच खरं," ती म्हणाली. "इथे कुणाला नकोच आहे हे. एरवी भांडायला येतात, आज एक माणूस आला नाही. तिकडची ती नोकरीची जागा अजून रिकामी आहे का गं?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तिने फोन पिशवीत टाकला, पडदे सरळ केले आणि कुलूप लावून गेली.

आज सकाळी ती सामान आवरायलाच आली होती. खणातून आपली पुस्तकं काढत होती, तेवढ्यात सगळी मंडळी हसत आत शिरली. आत्या सगळ्यांत पुढे.

"काय मग? झाले ना खूश?"

"आत्या, काल तू कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? घरी! अगं, कुणाची टाप होती यायची? मी एकेकाला बजावून ठेवलं होतं. चिटपाखरू फिरकलं नसेल बघ!"

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, आणि ते हसणं काही बरं नव्हतं.

"नाही फिरकलं," ती म्हणाली. "त्यांनी रिकाम्या खुर्च्या बघितल्या. इथे कुणी येतच नाही म्हणाले. आज सभेत ठराव आहे. खोलीत फायली येणार."

हेडलाइननी धरलेलं पहिलं पान खाली ठेवलं. असं मी प्रथमच पाहिलं.

"म्हणजे आता मी झोपू कुठे?" नर्सबाई म्हणाल्या. यावर कुणी हसलं नाही.

"बाहेर कुठेही टेकलं की लगेच कुणीतरी विचारतं, काय पाहिजे," प्लंबर म्हणाला. "इथे मला आजवर कुणी विचारलं नाही."

आत्या खुर्चीत बसल्या. पदर तोंडाला लावला. "मीच माती खाल्ली. पोरीचं भलं करायला गेले आणि..."

"मी तरी काय केलं, आत्या? टेबलाला तेल लावलं, पडदे लावले. तुम्हाला 'या' एवढं म्हणायचं राहिलं. मलाही खोलीच दाखवायची होती."

"अर्ज करू," हेडलाइन म्हणाले. "मसुदा मी करतो. सविनय, सादर..."

"नको," प्लंबर म्हणाला. "त्यांना वाचायची आवड असती तर ही वेळ आली असती का?"

मुलीने बाहेर काढलेली पुस्तकं पुन्हा खणात ठेवली. भाषणाचे कागद घडी करून त्यांच्यावर ठेवले आणि खण लावून घेतला.

"वर्तमानपत्र सुटं केलंत का?"

"पहिलंच पान निघालंय."

"परत लावा. आज वाचनालय नगरपालिकेच्या सभागृहात भरेल."

"आत घेतील आपल्याला?" आत्यांनी विचारलं.

"सभा सगळ्यांसाठी उघडी असते. ऐकायला कुणीही बसू शकतं. आपण रोजच्या वेळी, रोजच्यासारखे बसू. मी काही बोलणार नाही."

"आणि तिथे बसायचं कशाभोवती?" हेडलाइननी विचारलं.

तिने माझ्यावर तळहात ठेवला.

"हे?" हेडलाइन ओरडले. "अहो, हे धूड आहे धूड!"

"मी रोज पेशंट उचलते," नर्सबाई बाह्या सरसावत म्हणाल्या. "हे निदान कण्हत तरी नाही. धरा तिकडून."

"तिथे गप्प बसायचं ना, ताई?" प्लंबरने माझा पाय धरता धरता विचारलं.

"अजिबात नाही. कुणाच्या कामाचं काही दिसलं की मोठ्याने वाचायचं. आणि नर्सबाई, तुम्ही खुशाल झोपा."

तर आता मी उंबरठ्यावर आहे. माझं एक टोक आत, एक उन्हात. तेल लावलेल्या लाकडावरून हात सटकतायत. आत्या पुढे राहून रस्त्यावरच्या लोकांना बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणून सांगत होत्या. मुलीने त्यांना थांबवलं. "बाजूला कशाला, आत्या? बोलाव त्यांना."

तिचं बरोबर आहे. तुमच्याही गावात माझ्यासारखं एखादं टेबल असेल. ते बंद पडायची बातमी येईल तेव्हा हळहळू नका. आज जा, खुर्ची ओढा, कोपरं टेका. वाचा, नाही तर झोपा. कुणाला तरी दिसा म्हणजे झालं. आणि या रस्त्याने निघाला असाल, तर आधी इकडे या. मी जड आहे, हेडलाइनना दम लागलाय, आणि सभा सुरू व्हायला फार वेळ नाही. जरा हात लावा.