केशरबाईचं माहेर

वडिलांची रक्षा घेऊन पुंडलिकराव मोहतुरे पवनीला वैनगंगेच्या घाटावर बसले होते, तेव्हा गुरुजींनी तीन पिढ्यांची नावं विचारली. वडिलांचं सांगितलं, आजोबांचं, जागेश्वर, तेही सांगितलं. पणजोबांपाशी अडलं. सोबत आलेले भाऊबंद एकमेकांकडे बघू लागले. "माहीत नसेल तर नुसतं पणजोबा म्हणा," गुरुजी म्हणाले. पुंडलिकराव तसं म्हणाले, पण मोहाडीला परतताना एसटीत ते त्यांना सलत राहिलं. ही १९७७ सालची गोष्ट.

मोहाडीच्या बाजारओळीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकान बंद असेल त्या दिवशी ते सायकल काढायचे आणि जिथं कोणी म्हातारं नातलग उरलं असेल ते गाव गाठायचे. तुमचे वडील कोण, त्यांना भाऊ किती, बहिणी कुठे दिल्या, असं विचारत बसायचे. पत्नी चंद्रकला म्हणायची, "जित्या मानसांशी बोलाले वेळ नाई अन् मेलेल्यायच्या मागं फिरून राहिले." पण पणजोबांचं नाव सापडलं, त्यांच्या वडिलांचंही सापडलं, तेव्हा तिनंच शेजाऱ्यांना कौतुकानं सांगितलं.

हे सगळं त्यांनी मांजरपाटाचे दोन पन्हे जोडून त्यावर काळ्या रंगानं झाडासारखं काढलं. घरच्या लग्नाला गेले की कापडाची गुंडाळी सोबत असायची. मांडवाच्या एका बाजूला ते टांगायचे आणि माणसं जेवणं सोडून आपापलं नाव शोधायची.

एक नाव मात्र कोणी शोधत नसे. आजोबांना मुलं किती, असं विचारलं की जो तो म्हणे, दोन. पुंडलिकरावांचे वडील आणि सिहोऱ्याला दिलेली देवकाबाई. मग थोडं थांबून, आवाज उतरवून म्हणत, "म्हंजे, होती एक."

ती रुखमिणी. तिच्याबद्दल पुंडलिकरावांना लहानपणापासून माहीत होतं, कारण घरातलं प्रत्येक मूल तिलाच भिऊन वाढलं होतं. १९१८ साली मानमोडीची साथ आली, ताप येऊन माणसं पटापट जाऊ लागली, त्यात ती नऊ वर्षांची असताना गेली. तेव्हापासून मूळ गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली ती उभी दिसे. तोंड घराकडे. काही करत नसे, बोलत नसे. पुंडलिकरावांच्या वडिलांचं शेत तलावापलीकडे होतं, पण ते पाळीवरून कधी गेले नाहीत. सगळ्या गावाला वळसा घालून जात. पुढं घर विकलं, मोहतुरे मोहाडीला आले, तरी नाव घ्यायचं नाही हा नियम सोबत आला.

पुंडलिकरावांनी कापडावर तिचं पान काढलं. खाली लिहिलं, "मानमोडीत मृत्यू."

१९८१ च्या उन्हाळ्यात देवकाबाईच्या नातवाचं लग्न सिहोऱ्याला होतं. मांडवात कापड टांगलं. देवकाबाई सत्तरीच्या, वाचता न येणाऱ्या. नातसुनेनं हात धरून त्यांना कापडापाशी आणलं आणि बोट ठेवून एकेक नाव वाचून दाखवलं. जागेश्वर. त्यांची बायको कुंताबाई. देवकाबाई. त्या हसल्या. मग नातसुनेनं शेजारचं पान वाचलं.

देवकाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "पुंडलिक कोठी आहे?" त्यांनी विचारलं. ते आले तेव्हा हळूच म्हणाल्या, "मेली असं लिहू नको रे बाबू."

"काहून आत्याबाई?"

"पुसून टाक. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगल्यावर देवकाबाईंनी पुंडलिकरावांना मागच्या अंगणात बसवलं. बराच वेळ त्या लग्नातल्या जेवणाचंच बोलत राहिल्या. मग एकदम सुरू झाल्या.

"घरातले दोन मेले, आजी अन् काका. मंग रुखमिणी पडली. हालत नोती, डोळे उघडत नोती. गाव खाली होऊन राहिलं होतं, उचलाले मानूस नाई. बा म्हने, आता हे गेली, आपन बाकीच्यायले वाचवू. तिले घरात ठेवलं अन् जंगलाकडच्या वावरात जाऊन राहिलो. परत आलो तं घरात कोनी नोतं. आमी म्हटलं, जनावरानं नेली. तिघायची मिळून तेरवी केली."

"मग?"

"मंग धान कापाच्या दिवसात ते आली. चालत. कौशल्या धिवरीन होती पवनीची, तलावात शिंगाडे काढाले ये. तिनं कन्हत असल्याचं ऐकलं अन् उचलून नेली होती. आपल्या घरी ठेवून बरी केली. दारात उभी राहून रुखमिणीनं हाक मारली. मायले, मले."

देवकाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"माय उठली होती. बानं तिचा हात धरला. दारातून म्हने, आमची पोट्टी मेली, हे कोन आहे मले माहीत नाई. गावातले म्हनाले भूत आहे. पन भूत नोती रे. बाले ठाऊक होतं, मायले ठाऊक होतं. दोन महिने धिवराच्या घरी जेवली होती. तिले घेतली असती तं मानसं म्हने वाळीत टाकतील. माह्यं लगन ठरलं होतं त्या साली."

"आणि पाळीवर दिसायची ती?"

"ते तीच. मी डोयानं पाहिली, किती डाव. दिवस मावळता ये, उभी राहे."

त्या आठवड्यात पुंडलिकराव पवनीला गेले. जिथं वडिलांचे दिवस केले त्याच घाटाच्या खालच्या अंगाला धिवरांची, मासे धरणाऱ्यांची, वस्ती होती. कौशल्येचं नाव दोन म्हाताऱ्यांना आठवलं. तिनं वाढवलेली पोर तिच्याच मुलाला दिली होती, म्हणाले. ती केशरबाई, त्या निंबाखालच्या घरातली.

ओट्यावर एक उंच, वाळकी बाई फाटलेलं जाळं सांधत बसली होती. कपाळ, नाक, बसण्याची रीत, सगळं देवकाबाईचं. पुंडलिकरावांनी गावाचं नाव सांगितलं, जागेश्वरांचा नातू असल्याचं सांगितलं. बाईचा हात थांबला.

"रुखमिणी म्हणून कोणी..." त्यांनी सुरुवात केली.

"ते पोट्टी तं मेली ना," केशरबाई म्हणाली. "तुमच्याच घरच्यायनं तेरवी खाल्ली तिची."

तिनं जाळं बाजूला सारलं, आतून पाण्याचा लोटा आणला, पण त्यांच्या हाती दिला नाही. पुढ्यात ठेवला आणि ते पितात की नाही हे बघत राहिली. पुंडलिकराव सगळं पाणी प्याले. तेव्हा ती बोलली.

"मी जागी होती. डोळे उघडत नोते, जीभ उचलत नोती, पन ऐकू ये. माय म्हने, उशाशी पानी ठेवू का. बा म्हने, कायले? मंग पाय वाजले. मंग दार लोटलं, बाहेरून कडी लावली."

"कुत्री शिरू नये म्हणून लावली असेल," पुंडलिकराव कसेबसे म्हणाले.

"मी बी तसंच समजली. लय वर्सं तसंच समजली." तिनं पुन्हा जाळं मांडीवर ओढलं. "लेकरं झाले तवा समजलं."

देवकाबाईंना त्यांनी कडीचं सांगितलं नाही. बहीण जिवंत आहे एवढंच सांगितलं. पावसाळा संपल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, मले ने. दुकानातून पुंडलिकरावांनी एक हिरवं लुगडं घेतलं, ओटीचं सामान घेतलं.

दोघी बहिणी ओट्यावर बसल्या. आधी नुसत्याच. मग लेकरं किती, डोळ्यांना दिसतं का, गुडघे दुखतात का. केशरबाईनं लुगडं घेतलं, पोत बोटांनी चाचपलं आणि मांडीवर ठेवून घेतलं. तिचा मोठा मुलगा घनश्याम कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"माय कशी गेली?" केशरबाईनं विचारलं.

"दार उघडा, दार उघडा म्हनत गेली. म्हने पोट्टी पाळीवर उभी आहे, भिजून राहिली. मी उठून पाहिलं. तू होती. पाऊस पडत होता अन् तू झाडाखाली होती."

"मी नोती."

"मी पाहिलं ना तुले. त्याच्या आंधी बी पाहे, मंग बी पाहिलं. सारं गाव पाहे."

केशरबाई तिच्याकडे बघत राहिली. "देवका," ती म्हणाली, आणि त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा तिनं बहिणीला नावानं हाक मारली, "मी एकच डाव आली होती तुमच्या दारात. मंग त्या वाटेले कधी गेलीच नाई. सासूले आन दिली होती मी."

घनश्यामनं एकदा पुंडलिकरावांकडे पाहिलं. देवकाबाईंनी बहिणीचा हात धरला होता. तो त्यांनी सोडला नाही, पण मनगट पुन्हा पुन्हा दाबून बघू लागल्या.

परतीच्या एसटीत त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. वाटेत कुठला तलाव लागला की डोळे मिटून घ्यायच्या.

पुंडलिकरावांनी कापड नव्यानं केलं. रुखमिणीच्या पानापुढं केशरबाई लिहिलं, तिचे तीन मुलगे, त्यांची मुलं, सगळी फांदी पवनीपर्यंत नेली. १९८३ साली एका पुतणीच्या लग्नात ते टांगलं. पहिली पंगत उठायच्या आत कोणीतरी ते उतरवून, नीट घडी करून त्यांच्या पिशवीवर ठेवलं होतं. कोणी भांडलं नाही. कोणी विचारलंही नाही. फक्त त्यानंतर लग्नाचा बस्ता बांधायला काही घरं दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. पुंडलिकरावांनी कापड आपल्याच दुकानाच्या भिंतीवर लावलं.

दोन वर्षांनी घनश्याम पवनीहून आला. दुकानाच्या पायरीखालीच उभा राहिला. "आई गेली," म्हणाला. "तिनं सांगून ठेवलं होतं, मोहाडीले खबर द्या."

पुंडलिकरावांनी त्याला आत घेतलं, घरी नेऊन जेवू घातलं, आणि तसेच सिहोऱ्याला गेले. देवकाबाई आता अंथरुणाला खिळल्या होत्या. बातमी ऐकून रडल्या नाहीत. छताकडे बघत म्हणाल्या, "मंग पाळीवर कोन आहे रे?"

पुंडलिकराव दिवस मावळेपर्यंत त्यांच्या उशाशी बसून राहिले.

घरी आले तेव्हा चंद्रकलानं घनश्यामच्या जेवणाची ताटली घासून पालथी घातली होती. तिनं विचारलं, "सुतक किती दिवसाचं धराचं?"

"घरच्या माणसाचं जेवढं, तेवढं."

देवघराचं दार तिनं लावून घेतलं. दुकान बंद राहिलं, अगदी बाजाराच्या दिवशीही. दुकान काहून बंद, असं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला पुंडलिकरावांनी पायरीवर बसवलं आणि माझी आत्या गेली, असं सांगून पहिल्यापासून सुरुवात केली. मानमोडी, वावर, बाहेरून लावलेली कडी. काही जण मधेच उठून गेले. काही शेवटपर्यंत बसले, आणि जाताना त्यांनी बंद फळ्यांमधल्या फटीतून आतल्या भिंतीकडे पाहिलं.